वहीतला शेवटचा प्रश्न

पतसंस्थेचा चेअरमन स्वतः जीपमधून उतरला. हलगीवाल्याला त्याने सोबत आणलं होतं. देवळाली कॅम्पच्या बाजारात, भर दुपारी, माझ्या शिलाईच्या दुकानासमोर त्याला उभं केलं आणि म्हणाला, वाजव.

पतसंस्थेचे हप्ते थकले होते. लष्कराच्या एका युनिटचे गणवेश मी शिवायचो. त्या भरवशावर कर्ज काढून दोन मशीनं घेतली. मग युनिटने तयार कपडे घ्यायला सुरुवात केली. माझ्याकडे बटणं लावणं आणि बाहीवरच्या पट्ट्या शिवणं एवढंच राहिलं. हे मी चेअरमनला आधी जाऊन सांगितलं होतं. अर्जही दिला होता.

तो आमच्याच गावचा, निफाडकडचा. मोठ्या द्राक्षबागेच्या घरातला. माझा बाप त्या गावात हलगी वाजवून दवंडी द्यायचा. ते नको म्हणून मी कात्री धरली. चेअरमनला हे माहीत होतं. लोक जमू दिले आणि म्हणाला, "तुझ्या बापानं गावाच्या दवंड्या दिल्या. आज तुझ्या नावाची ऐक."

लोक हसले. हलगीवाला आमच्याच समाजातला. मान खाली घालून वाजवत होता. त्याला मी दोष देत नाही.

मशीनं उचलली. कर्जाची दोन. शिवाय तिसरं, पायाचं, जुनं. ते मी कर्जाच्या कितीतरी आधी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. त्यावर अर्धी शिवलेली पँट तशीच होती. बायको आडवी झाली, "ते आमचंय."

"आता तुमचं काय राह्यलंय?" चेअरमन म्हणाला.

मी गप्प उभा होतो. गळ्यात टेप. त्या गप्प राहण्याची चीड अजून गेलेली नाही.

दुकान बंद करून मी घरात बसलो. आठवड्याने बायको म्हणाली, "तोंड लपवून पोट भरतंय का? कोर्टात जा. इचार तिथं."

नाशिकच्या कोर्टाच्या आवारात एक म्हातारे वकील टायपिंगवाल्याशेजारी बसत. गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीत मी प्रश्न लिहून नेले होते. तुरुंगात टाकतील का? राहती खोली जाईल का? भांडी, अंथरूण नेतील का? पुन्हा दुकान टाकता येईल का? पोरीच्या लग्नात आडवं येईल का?

लग्नाच्या प्रश्नावर ते म्हणाले, "हे कायद्यात नाही. सोयऱ्यांना विचार."

बाकीच्यांची उत्तरं त्यांनी दिली. फेडता येत नसेल तर कोर्टाकडे नादारीचा अर्ज करता येतो. जे आहे ते खरं सांगायचं, लपवायचं नाही. कोर्ट संरक्षण देतं. आणि कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. स्वयंपाकाची भांडी नाहीत, अंथरूण नाही. "तुझं जुनं मशीन हे तुझं हत्यार. ते नेलंच कसं?"

"हा कायदा नवीन आलाय का?"

"इंग्रजांच्या काळापासून आहे."

मी बाकावर बसून राहिलो. बापाच्या वेळेलाही होता. आजाच्या वेळेलाही असेल. चेअरमनला ठाऊक, त्याच्या वसुलीवाल्याला ठाऊक. आम्हाला कुणी सांगितला नाही, आणि विचारावा कुठे, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

अर्ज केला. तारखांमागून तारखा पडल्या. शेवटी मला नादार ठरवलं आणि जुनं मशीन परत द्यावं असा हुकूम झाला. तो घेऊन मी पतसंस्थेत गेलो. मॅनेजर म्हणाला, "बाहेर थांब." मी समोरची खुर्ची ओढली आणि बसलो. तेवढ्यात चेअरमन आला.

"काय रे, खुर्चीवर?"

"अरे-तुरे करू नका. मशीन द्या. नसेल द्यायचं तर तसं लिहून द्या."

त्याने लिहून दिलं नाही. मशीन दिलं. हातगाडीवर घालून मी ते भर बाजारातून आणलं.

ही गोष्ट मी पुढे अनेक सभांत सांगितली. टाळ्या मिळाल्या. लोक कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे यायला लागले, मला मानायला लागले. सांगितलं ते सगळं खरं होतं. फक्त वहीतला शेवटचा प्रश्न मी दरवेळी गाळला.

जामीनदाराचं काय होईल?

माझा जामीनदार भिकादादा. शेजारी, शाळेत शिपाई. पतसंस्थेला पगारदार जामीन लागायचा आणि आमच्या वस्तीत पगारदार तो एकटा. फॉर्म कोरा होता, तरी त्याने सही केली. शिलाईवाला म्हणून वस्ती मला मास्तर म्हणायची, तोही. वर हसून म्हणाला, "जल्मभर दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद वाहिले, मास्तर. आज माझ्या सहीला किंमत आली."

वकिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तू नादार ठरलास तरी जामीनदार सुटत नाही. वसुली त्याच्या पगारावर येईल. अर्ज करण्याआधी त्याला इथे घेऊन ये."

मी नेलं नाही. तो म्हणाला असता, थांब, आपण दोघं मिळून काही करू. मला थांबायचं नव्हतं. मला माझं मशीन हवं होतं आणि चेअरमनची मान खाली गेलेली बघायची होती.

नादारीचा हुकूम झाला त्या दिवशी भिकादादा भजी घेऊन आला. "चला, दोघं बी मोकळे झालो," म्हणाला. मी भजी खाल्ली.

मग त्याच्या पगारातून कपात सुरू झाली. पगाराची चिठ्ठी घेऊन तो आला. "हे काय लिवलंय, वाच रे."

मी वाचलं आणि म्हणालो, "चेअरमनचा डाव आहे."

त्याने मानलं. त्याच्या पोरीला, सुनंदाला, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तिने तो सोडला आणि द्राक्षं पॅक करायच्या शेडमध्ये उभी राहिली. तो निवृत्त होईपर्यंत कपात चालू होती. आजही कुणी विषय काढला की तो माझी बाजू घेतो. "मास्तरला तरी कुठं ठाऊक व्हतं?"

मास्तरला ठाऊक होतं. चेअरमनने माझ्याशी जे केलं तेच मी भिकादादाशी केलं. माहीत असून सांगितलं नाही.

येत्या रविवारी समाजमंदिरात माझा सत्कार ठेवलाय. शाल भिकादादाच्या हातून द्यायची असं पोरांनी ठरवलंय. शाल हातात घेण्याआधी मी उभा राहून हे सगळं वाचणार आहे, सुनंदासमोर. माफी मागणार नाही. मागितली तर तो देईल, लगेच देईल. त्याच्याकडून आजवर घेतलं तेवढं पुरे. त्याने काही ऐकवलं तर ऐकून घेईन. उठून गेला तर जाऊ देईन.

आणि सोमवारपासून, जो कर्जाचे कागद घेऊन येईल त्याला आधी परत पाठवीन. जामीनदाराला सोबत घेऊन ये. तो शेजारी बसल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही.