रोवणीच्या गाण्याची ओळ

पवनीतला तो टायपिंगवाला तोंडात खर्रा धरूनच बोलतो आणि छापायच्या आधी सारं मोठ्यानं वाचतो. माझी बायको धानाच्या रोवणीत गायची ते गाणं तिच्या तेरवीच्या पत्रिकेवर मला पाहिजे होतं. मी ते एका दमात लिहून नेलं. त्यानं वाचलं, तर गाणं वाटेचना.

"काकाजी, ओळ कुठं तोडू?"

"लिहिलं तसंच छाप. मले शिकवू नको."

तो खर्रा थुंकून आला आणि दुकानातच वाकून खोटं धान रोवू लागला. "माझी माय बी रोवे. पाय मागं घेतला का गाणं थांबे. म्हणा आता."

मी म्हणत गेलो. त्याचा पाय मागं सरके, तिथं तो ओळ तोडे. मग त्यानं पुन्हा वाचलं. बायको श्वास घ्यायची, तिथंच तो थांबला.

"छाप," म्हटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.