कुलपाबाहेरचं व्याख्यान

"आई गेली, मावशी. घरीच. तिला हवं होतं तसंच." सुमित्राच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. कितीतरी वेळ गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले... दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली : 'डॉ. सुमित्रा बिराजदार यांची कर्करोगाशी झुंज अपयशी'. रडू यायचं ते राहिलंच, मला राग आला. कसलं अपयश? आजार म्हणजे परीक्षा नव्हे, त्यात कुणी नापास होत नाही, हे ती जन्मभर सांगत आली. तिला जाऊन काही आठवडे झाले, राग अजून गेलेला नाही. ती चौकट मला मान्य नाही, एवढं आधी सांगते आणि मग बाकीचं.

आम्ही दोघी भवानी पेठेतल्या एकाच शाळेत शिकलो. ती डॉक्टर झाली, मी शिक्षिका. तिच्या घरात कन्नड, शेजारी तेलुगू आणि शाळेत मराठी, त्यामुळे तिला तिन्ही भाषांत भांडता यायचं. दवाखान्यातल्या गर्दीत एकेका बाईला नीट समजावून सांगणं जमत नाही, या तळमळीतून तिने दर गुरुवारी संध्याकाळी पेठेतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये बोलायला सुरुवात केली. विषय साधेच असायचे. रक्तदाब, साखर, लहान मुलांचे जुलाब. व्यासपीठावरच्या खुर्चीत ती कधी बसली नाही. टेबलावर बसून, पाय हलवत बोलायची. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभराचा तंबाखूचा वास अंगावर घेऊन यायच्या, आणि पहिल्या रांगेत बसायला कचरायच्या. त्यांना ती हाताला धरून पुढे आणायची.

मग तिने एका गुरुवारचा विषय जाहीर केला, 'पिशवी काढायची घाई कशाला?' अंगावरून जातं, कंबर दुखते म्हणून तिशीतल्या बायकांची गर्भाशयं धडाधड काढली जात होती आणि ते तिला बघवत नव्हतं. हॉलची व्यवस्था बघणारे अण्णा तिच्या घरी आले. "डॉक्टरीणबाई, वरच्या मजल्यावर देव हायेत. खाली असले विषय नकोत."

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही, मी, सगळे त्या पिशवीतूनच आलो. तिचं नाव घ्यायला लाज कसली?"

अण्णा चपला घालून निघून गेले. गुरुवारी आम्ही पोचलो तर हॉलला कुलूप. बायका घोळक्याने उभ्या, आता परत जायचं की काय अशा चेहऱ्यांनी. सुमित्राने पदर खोचला. "ए मास्तरीण, तुझ्या पर्समध्ये खडू असेल ना? दे इकडे." आणि तिने हॉलसमोरच्या डांबरी रस्त्यावर खडूने गर्भाशयाचं हे एवढं मोठं चित्र काढलं! बायका त्याच्याभोवती रस्त्यावरच बसल्या. एक मोटारसायकलवाला कर्कश हॉर्न वाजवू लागला तेव्हा नरसम्मा, म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी विडी कामगार, उठली आणि त्याच्या गाडीपुढे उभी राहिली. "थांब की रे जरा! तू कुटनं आलास, तेच काढायल्यात मॅडम." तो गाडी वळवून दुसऱ्या गल्लीने गेला.

त्या संध्याकाळी नरसम्मानेच पहिला प्रश्न विचारला. "आमच्या सुनेला सांगितलेत, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होतंय म्हणून. लई भ्यालीय पोरगी." सुमित्राने रस्त्यावर उभं राहून निदान केलं नाही. म्हणाली, "कधी कधी काढावीच लागते, नरसम्मा. पण आधी तपासून. भीती घालून नाही. उद्या तिला घेऊन ये." सुनेला, अनिताला, साधा संसर्ग झालेला निघाला. तो औषधांनी बरा झाला.

त्याच आठवड्यात फोन येऊ लागले. शहरातल्या एका डॉक्टरने तिला सुनावलं, "आमच्या पोटावर पाय देताय तुम्ही." मी शेजारीच बसले होते. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या पोटासाठी बायकांची पोटं फाडायची का?" आणि फोन ठेवला. पुढच्या गुरुवारी तिने तोच विषय पुन्हा लावला. या वेळी हॉल उघडा होता. खुद्द अण्णांनी उघडला होता, कारण आदल्या गुरुवारी रस्त्यावर बसलेल्या बायकांत त्यांची बायकोही होती आणि तिने घरी जाऊन काय सुनावलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

स्वतःचा आजार कळला तेव्हाही ती लपली नाही. उपचारांचा उपयोग होईना, तेव्हा तिने ते थांबवले आणि शेवटचं व्याख्यान जाहीर केलं, 'मरणाबद्दल बोलू या'. नातेवाईक चिडले, मीही भांडले. "मग कोण बोलणार? ज्यांना मरायचं नाही ते?" तिने मलाच विचारलं. व्याख्यानाच्या दिवशी डोक्यावर केस नव्हते, तिने रुमालही बांधला नाही. दुखणं कसं कमी ठेवता येतं, घरी काय करता येतं, पेशंटपासून का लपवू नये, सगळं सांगितलं. होटगीहून आलेले रेल्वेतले एक निवृत्त आजोबा उठले. "बाई, भ्या वाटतंय का हो?"

"वाटतंय की, काका. लई वाटतंय. पण गप्प बसलं की जास्त वाटतंय."

परवा त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. तिच्या फोटोला हार होता, भाषणं झाली. अण्णा माईकवर म्हणाले, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं." सगळे उभे राहिले. तेवढ्यात बायकांमधून आवाज आला. नरसम्माची सून, अनिता होती.

"अण्णा, गप्प न्हाई बसायचं मला. मॅडमच्या फोटोपुढं तर न्हाईच. माझ्या छातीत गाठ लागतीय. कुणाला दाखवू, ते सांगा."

सुमित्राच्या हाताखाली शिकलेली एक तरुण डॉक्टर व्यासपीठावर होती. ती खाली उतरली आणि अनिताकडे गेली. हॉल पुरुषांनी भरलेला होता, वर देव होते. अनिताने तिला सगळं सांगितलं, आणि आवाज जराही खाली आणला नाही.