चौदावा फॉर्मा

छापखान्याच्या मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. छापून, घडी घालून आलेले फॉर्मे त्यावर ओळीनं रचलेले असत. एक फॉर्मा म्हणजे सोळा पानं. बायका टेबलाच्या कडेनं चालत जायच्या, प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक फॉर्मा उचलून हातातल्यावर ठेवायच्या, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत हातात अख्खं पुस्तक जमलेलं असायचं. मग ते शिलाईला जायचं. आक्का हे काम एकवीस वर्षं करत होती.

आक्काला वाचनाचं वेड. पण पुस्तक असं तिनं फारसं वाचलंच नव्हतं. तिनं वाचले ते फॉर्मे. शाई पसरलेला, घडी चुकलेला एखादा फॉर्मा रद्दीत जायचा, तो ती पिशवीत टाकून घरी न्यायची. घरी तिची नणंद. नवरा गेल्यावर या दोघीच एकमेकींना उरल्या होत्या. नणंदेची नजर अधू झालेली, जीभ मात्र चांगली धारदार. जेवणं उरकली की आक्का वाचून दाखवायची आणि नणंद दर दहा मिनिटांनी अडवायची.

"अगं वहिनी, पण हा राजवाड्यात शिरला कसा?"

"ते मधल्या फॉर्म्यात होतं, वन्सं. तो चांगला छापला गेला."

"मेल्यांना सगळंच वाईट छापता येत नाही का?"

या दोघींना सगळ्यात जास्त नाद लागला तो एका मालिकेचा. धुक्यात बुडालेला देश, तिथली एक बंडखोर पोर, आणि तिला वाट दाखवणारा एक म्हातारा दिवेवाला. पहिले चार भाग दोघींनी असेच तुकड्यातुकड्यांनी ऐकले-वाचले होते. नणंदेचा सगळा जीव त्या दिवेवाल्यावर.

पाचवा भाग छपाईला आला तेव्हा कव्हरवरची किंमत बघून टेबलावरच्या बायका हसायलाच लागल्या. आधीचा भाग साडेतीनशेचा होता. हा साडेपाचशेचा, तोही साध्या कागदी बांधणीचा. "एवढ्यात पायाला नवा जोडा येईल," एक म्हणाली. आक्का हसली नाही. या खेपेला रद्दीही फार निघाली नव्हती. तेराव्या फॉर्म्याची एक प्रत तिला मिळाली होती, आणि त्याच्या शेवटी दिवेवाला पुलावर असताना पूल तुटत होता. चौदावा फॉर्मा समोरच गठ्ठ्यात होता. पण चांगला.

दुपारी तिला राहवलं नाही. बाकीच्या बायका फेऱ्या घालत असताना ती टेबलाच्या कोपऱ्याला टेकून उभ्या उभ्या चौदावा फॉर्मा उघडून वाचू लागली. निम्म्यावर आली आणि मालकांचा आवाज आला. घाबरून तिनं हातातला फॉर्मा झाकायला म्हणून वरचा सगळा गठ्ठाच उचलला आणि टेबलाखाली सरकवला. मालक बराच वेळ उभे राहिले. बायकांच्या फेऱ्या चालूच होत्या. बोटं ठरलेल्या वेगानं उचलत होती, गठ्ठ्याची जागा रिकामी आहे हे कुणाला जाणवलंही नाही. मालक गेल्यावर आक्कानं गठ्ठा वर ठेवला, उरलेली आठ पानं वाचून काढली आणि कामाला लागली. शिलाईआधी फॉर्म्यांच्या पाठीवरच्या काळ्या खुणा बघून एखादा सुटला नाही ना ते तपासायचं असतं. त्या संध्याकाळी सगळ्यांनाच घाई होती.

पुस्तक बाजारात गेलं. घरी नणंदेनं टुमणं लावलं होतं: पुढे काय, मागे काय, त्या पोरीचं काय झालं? आक्काजवळ पाच-सहाच फॉर्मे. तेवढ्यात तिला कळलं की वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी या मालिकेचे वाचक जमतात आणि कुणीही येऊन बसलं तरी चालतं.

"जा की मग," नणंद म्हणाली. "फुकट गोष्ट मिळतेय. नीट कान देऊन ऐक, घरी येऊन मला सांग."

रविवारी आक्का मागच्या बाकावर जाऊन बसली. दहा-बारा माणसं होती. सुरुवातीचा अर्धा तास किमतीवरच गेला. सगळ्यात जास्त चिडले होते औषधांच्या दुकानवाले काका. एकेकट्यानं घेणं परवडेना म्हणून त्यांनीच पुस्तकांच्या दुकानदाराशी घासाघीस केली होती आणि दहा प्रतींचा एक गठ्ठा सवलतीत उचलला होता. सगळ्यांच्या हातात त्याच गठ्ठ्यातली पुस्तकं होती. एक निवृत्त मास्तर तेवढे रिकाम्या हातानं आले होते. त्यांना प्रत मुलीनं परगावाहून पाठवली होती, आणि ती आता त्यांची बायको वाचत होती.

मग गोष्टीवर बोलणं सुरू झालं. कॉलेजातल्या एक प्राध्यापिका म्हणाल्या, "मला विचाराल तर या भागातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे तो पूल. पूल तुटतो, प्रकरण संपतं. पान उलटलं की तीन महिने गेलेले आणि पोरीच्या अंगावर म्हाताऱ्याचा कोट. बस! तो गेला हे एका शब्दानं सांगितलेलं नाही. काय संयम आहे!"

"संयम कसला बाई?" औषधवाले उसळले. "साडेपाचशे घेता, तर निदान म्हातारा मेलेला तरी दाखवा! किंमत वाढवायची आणि गोष्ट कापायची!"

आक्का बाकावर पुढे सरकली. पूल तुटल्यावर लगेच तीन महिने? मग मधलं प्रकरण कुठे गेलं?

"पण तो मेला कुठे?" मास्तर म्हणाले. "तो काठाला लागतो. शत्रूकडची जखमी माणसं तिथे पडलेली असतात, त्यांच्यासाठी दिवा धरून मागे राहतो. कोट तो स्वतःच काढून देतो तिला."

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मग कुणीतरी हसलं.

"मास्तर, हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं," औषधवाले म्हणाले.

"नाही हो. ती कोट घेत नाही, तर हा म्हणतो…" मास्तर थांबले. "काय बरं म्हणतो…"

"आम्ही दहाही जणांनी वाचलंय, मास्तर," प्राध्यापिका हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दया होती, आणि तीच जास्त लागण्यासारखी होती.

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "असेल. हल्ली माझं जरा होतं असं. घरचेही म्हणतात. गेल्या महिन्यात मुलानं डॉक्टरकडे नेलं होतं." ते हसले, पण कुणाकडे बघून नाही.

आक्काला टेबलाखालचा गठ्ठा लख्ख दिसला. ती मूग गिळून बसली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. चौदाव्या फॉर्म्यात ते एक प्रकरण नेमकं बसलं होतं, ना एक ओळ मागे, ना एक पुढे. नोकरी एकवीस वर्षांची होती, आणि मालकांचा राग सगळ्या छापखान्याला ठाऊक होता. पण मास्तर अजून चष्माच पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

ती उठून उभी राहिली. "मास्तरांचं बरोबर आहे."

सगळ्या माना मागे वळल्या.

"पानांचे आकडे बघा," आक्का म्हणाली. "पूल तुटतो ते पान दोनशे आठ. पुढचं किती आहे?"

पानं फडफडली. "दोनशे पंचवीस!" औषधवाले म्हणाले. "अरे! सोळा पानं गायब?"

"लेखकानं काही कापलेलं नाही. ती पानं माझ्यामुळे गेली." आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं: टेबल, गठ्ठा, मालकांचा आवाज. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. शेवटी मास्तरांकडे वळून म्हणाली, "तो म्हणतो, 'मला थंडी वाजली तर मी दिव्याजवळ बसेन. तुला तर धुक्यात जायचंय.'"

"हेच!" मास्तर जवळजवळ ओरडलेच. "हेच म्हणतो तो!" आणि बाकावर मागे टेकून त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्यांनी वळून पाहिलं.

प्राध्यापिकांना हसू आवरेना. "आणि मी या संयमावर चार पानी लेख लिहून ठेवलाय!"

सोमवारी आक्का आपणहून मालकांसमोर उभी राहिली. मालक जे बोलायचे ते बोलले. "तुला जुळवायला ठेवलंय की वाचायला?" हे तर तीन वेळा. मग त्यांनी शिल्लक फॉर्मे मोजायला लावले. चौदाव्याचे शेहेचाळीस जास्त निघाले. दुकानदाराला फोन गेला, दुकानात पुस्तकं बदलून देण्याची पाटी लागली. आक्काला टेबलावरून काढून डिंकाच्या खोलीत पाठवलं. तिथे दिवसभर डोकं दुखायचं. पण नोकरी राहिली. दुपारी मालक स्वतः खोलीच्या दारात आले आणि दहा फॉर्मे तिच्यापुढे टाकून म्हणाले, "तुझ्या त्या वाचकांची पुस्तकं तूच नीट कर. सुट्टीच्या दिवशी."

पुढच्या रविवारी आक्का सुई, दोरा, डिंकाची बरणी आणि सुरी घेऊन वाचनालयात गेली, बरोबर नणंद. एकेका पुस्तकाचं कव्हर तिनं अलगद सोडवलं, पाठ मोकळी केली, चौदावा फॉर्मा आत बसवून शिवलं, पुन्हा डिंक लावला. सगळे भोवती आ वासून बघत होते. मास्तर आपली प्रत घेऊन आले होते. त्या प्रतीत काही बसवायची गरज नव्हती, पण त्यांनी ते प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत. कोट देण्याच्या जागी नणंदेनं पदर डोळ्याला लावला आणि शेजारच्या प्राध्यापिकांना दटावलं, "तुम्ही याला मारला होतात ना?"

"खरंच कागद एवढा महागलाय का हो?" औषधवाल्यांनी मध्येच विचारलं.

"कागद महागला, डिंक महागला, दोरासुद्धा महागला," आक्का दोरा दातानं तोडत म्हणाली. "हात तेवढे जुन्याच भावात आहेत."

थोड्या वेळानं औषधवाल्यांनी स्वतःच डिंकाची बरणी धरली.

दहाही पुस्तकं झाल्यावर तिनं ती एकावर एक रचली, वर वाचनालयातले जाडजूड शब्दकोश ठेवले आणि बजावलं, "सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. डिंक ओला आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. औषधवाल्या काकांनी मात्र सगळे जिना उतरल्यावर मागे वळून आपली प्रत हळूच ओढून काढली आणि घरी जाऊन पहाटेपर्यंत वाचली. बुधवारी ते छापखान्याच्या दारात उभे होते. पुस्तकाचं कव्हर पार तिरकं चिकटलेलं, दोन पानं एकमेकांना घट्ट, आणि चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा.

आक्कानं पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "रविवारी आणा," ती म्हणाली, आणि डिंकाच्या खोलीत परत गेली.