काळ्या पाण्याचं तिकीट

आमच्या धाड गावच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले, पण मोटरसायकलवरून उतरले नाहीत. आईनं शेंगदाण्याची चटणी पिशवीत कोंबली, पुन्हा पुन्हा माझी ओढणी नीट केली. बस हलली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "काळ्या पाण्याले लोकं शिक्षा म्हणून जात होते. तू सोताच्या हातानं तिकीट काढून चालली."

गावातून पुण्याला, आखाताला गेलेल्यांना निदान लोकांच्या ओळखीचं नाव सांगता येतं. मी अंदमानातल्या एका लहानशा बेटावर निघाले होते. नोकरी पुण्याच्या कंपनीची, शाळेच्या पुस्तकांची पानं मांडण्याची. कुठूनही करा म्हणाले, आणि एकदा सहलीत पाहिलेला तो किनारा काही डोक्यातून जाईना.

इथं मिनोती माशीनं मला खोली दिली. बंगालीत माशी म्हणजे मावशीच. तिचे सासरे लहानपणी आईबापाचं बोट धरून जहाजानं इथं आले आणि जंगल तोडून शेती करत मोठे झाले. सगळे त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणतात. नेट इतकं सुस्त, की फाईल पुण्याला पोचेपर्यंत कुकरमध्ये भात होतो. मीटिंगमध्ये मागं कोंबडा आरवला की सगळं ऑफिस हसतं. दुपारी काम आटोपलं की मी पोहायला जाते. विहिरीत शिकलेलं पोहणं समुद्रात असं कामी येईल, वाटलं नव्हतं.

आईचा फोन रोज यायचा. बाबा मागून बोलायचे, पण फोन हातात घेत नव्हते. "मी नाही ठेवत तिकडं पाय," हे मात्र मला ऐकू येईल असं बोलायचे.

मग एकदा वादळ आलं. जहाजं थांबली, वीज गेली, फोन मुके झाले. आम्ही माशीच्या स्वयंपाकघरात खिचडी खात बसलो होतो, सुखरूप. पण हे धाडला कळवणार कसं? रेंज आली तेव्हा चुलतभावाचा मेसेज होता: काका-काकू निघाले.

ज्या माणसानं विमान फक्त आभाळात पाहिलं होतं, तो विमानानं पोर्ट ब्लेअरला उतरला आणि पहिल्या सुटलेल्या जहाजानं इथं आला. धक्क्यावर उतरताना बाबांचा चेहरा उलट्यांनी पांढराफटक पडला होता. मला बघितल्यावर ते खेकसले, "फोन काऊन लागत नव्हता वं?" आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. मी पण.

चार दिवसांसाठी आलेले ते महिनाभर राहिले. दादूंची हिंदी बंगाली वळणाची, बाबांची वऱ्हाडी. "हमारे उधर कपास हाये, सोयाबीन हाये," बाबा सांगायचे, आणि दोघं मिळून वादळात पडलेल्या सुपाऱ्या गोळा करायचे. आईनं माशीला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली. माशीची पहिली भाकरी अंदमानच्या नकाशासारखी तुकड्यातुकड्यांत निघाली.

बाबा समुद्राला बरेच दिवस लांबूनच बघत होते. मग एका सकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून उतरले. लाटेनं त्यांची एक चप्पल नेली, दुसऱ्या लाटेनं त्यांनाच बसवलं. ते हसायला लागले ते थांबेचनात. आई माझ्या कानात म्हणाली, "लग्न झाल्यापासून यायले असं हसताना मी नाही पाह्यलं."

ते परत गेले, तेव्हा घर फार रिकामं वाटलं. घर कुठलं, असं मला आता कुणी विचारलं की मी धाड म्हणते, आणि म्हणता म्हणता माशीच्या अंगणात वाळत घातलेले कपडे आठवतात. दोन्ही खरंच आहे, हे मला पटायला बराच काळ गेला. बाबांना एक फोन पुरला. धाडला पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतः नंबर लावला.

"पोचलो बरं घरी," ते म्हणाले. "आता सांग, तिकडं आपल्या घरी सगळे कसे हायेत?"