दसऱ्याच्या दिवशीची प्लेट

धुळ्याच्या प्रयोगशाळेत मी पाच वर्षं काढली. केळीच्या मर रोगाची बुरशी मारणारा जिवाणू शोधायचा, एवढंच काम. गावी असोद्याला आमच्या वडिलांची, आबांची, शेतीही केळीचीच. त्यामुळे माझा जीव त्यात जरा जास्तच अडकलेला.

दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. पाचव्या वर्षी कुंकवाच्याच बोटाने मी बुरशीत जिवाणू घातलेली एक काचेची प्लेट उचलली आणि झाकणावर ठसा उमटला. आत बुरशी मेलेली! मी प्रयोगशाळेच्या कॅमेऱ्याने वेड्यासारखे फोटो काढले. दुपारी कळलं, प्लेटा ठेवायचं कपाट बिघडून आदल्या दिवसापासून तापत होतं. जिवाणू न घातलेल्या प्लेटांतही बुरशी मेलेलीच होती. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, तर म्हणाले, इतकं बारीक बघत बसलीस तर तुझा प्रबंध होत नाही. नाहीच झाला. मी सोडून आले.

आता जळगावात घरी बसून लोकांचे शोधनिबंध छपाईआधी तपासते. भाषा नीट करायची, तक्ते जुळवायचे, विज्ञानाला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात लेखकाला विचारायचं. गेल्या वर्षी नेमका सरांचाच निबंध माझ्या पुढ्यात आला. त्यात तो फोटो, कुंकवाच्या ठशासकट. खाली लिहिलेलं, आमच्या जिवाणूने बुरशी मारली. माझं नाव कुठेच नव्हतं. त्याचाही राग आला, खोटं कशाला बोलू?

फोटो खोटा आहे, असं सरळ लिहायला हवं होतं. पण अंगवळणी पडलेला सभ्यपणा मेला कुठे जातो! मी समासात विचारलं: झाकणावर कुंकवाचा डाग दिसतो, फोटो याच प्रयोगातला आहे ना?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: डाग काढला आहे, आभारी आहे.

मग मात्र मी वरिष्ठांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी निबंध उघडला आणि विचारलं, कुठे आहे डाग? नवी प्रत आली की आमच्याकडे जुनी आपोआप पुसली जाते. माझ्याजवळ दाखवायला काहीच उरलं नव्हतं. निबंध छापून आला.

परवा असोद्याला गेले, तर ओट्यावर सरांच्या त्याच जिवाणूच्या औषधाचे दोन कॅन. आबांच्या केळीत मर शिरली होती. दुकानदाराने त्यांना निबंधाची प्रतच दाखवली होती. मी म्हटलं, "आबा, यावर विसंबू नका. याने काही होत नाही."

"असं कसं, माय? छापून आलंय ना?"

आलं होतं. मीच नीट करून दिलं होतं.