लतीफ उस्तादांचा कान

लतीफ उस्ताद गाडी तपासायला बसले की आधी सगळ्यांना गप्प करायचे. शहागंजातल्या त्यांच्या बोळात एका बाजूला पत्र्याच्या पेट्या ठोकणारा आणि दुसऱ्या बाजूला मसाल्याची चक्की. तिथं शांतता मागायची म्हणजे धाडसच. पण उस्ताद नुसता हात वर करायचे. पेटीवाल्याची हातोडी थांबायची, चक्कीवाला बटण बंद करायचा, चहाच्या गाड्यावरची गिऱ्हाइकंसुद्धा आवाज उतरवायची. मग उस्ताद लाकडी मुठीचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मिनिटाभरानं डोळे उघडले की दोनपैकी एक निकाल ठरलेला. "साफ है," नाहीतर "खडा है."

खडा म्हणजे जेवताना दाताखाली येतो तो. इंजिनात एखादा भाग झिजला असेल तर त्याचा आवाज त्यांना तसा लागायचा. जुनी गाडी घेणारा आणि विकणारा, दोघंही त्यांच्याकडेच यायचे आणि त्यांच्या शब्दावर व्यवहार करून जायचे. निकाल लागेपर्यंत उस्ताद दोघांपैकी कुणाचाही चहा घेत नसत. याचं कारण मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ज्याची चाय पिली त्याची गाडी गोड वाजती, मास्तर." पुढं हे वाक्य त्या बोळात सगळ्यांच्या तोंडी बसलं. कुणी कुणाची फार तरफदारी करू लागला की लोक विचारायचे, "किती कप झाले?"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा खुलताबादच्या शाळेत नुकताच लागलो होतो. रोज घाट चढून जायचं होतं, म्हणून एक जुनी मोटारसायकल पसंत केली होती. आरशासारखी चकचकीत. उस्तादांनी पेचकस लावला आणि "खडा है" म्हणून मोकळे झाले. मी हुज्जत घातली. गाडी नव्यासारखी दिसते, तुम्ही पुन्हा बघा, असं बरंच काही बोललो. ते शांतपणे म्हणाले, "तुमी रंग पाहू राहिले. रंग तर मी बी मारून देतो. जरा गप बसा, ती काय म्हणती ते ऐका." मी कान देऊन ऐकलं. मला काही कळलं नाही, पण गाडी घेतली नाही. महिन्याभरानं ती दुसऱ्या कुणाकडे तरी खोलून पडलेली दिसली आणि त्या दिवसापासून मी उस्तादांचा झालो.

पुढच्या पंधरा वर्षांत माझी, माझ्या भावाची आणि बायकोची स्कूटी, अशा तीन गाड्या त्यांच्या कानावर विसंबून घेतल्या. शाळेतून परतताना मी अधूनमधून त्यांच्या दुकानी टेकायचो. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी शमीम सिल्लोडला दिलेली. गप्पांना माणूस लागायचा. माझा आवाज मुळातच मोठा, त्यात मास्तरकीनं तो आणखी वाढलेला. मी बोलू लागलो की उस्ताद कानावर हात ठेवून म्हणायचे, "मास्तर, मी शेवटच्या बाकावर नाय बसलो. म्होरंच बसलोय." हे ते दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

शेवटच्या काही वर्षांत त्यांच्यात थोडे बदल झाले. ते मी पाहिले, पण त्यांचा अर्थ लावला नाही. पेचकसाची मूठ ते कानाला लावायचे, ती दातांत धरू लागले. मला वाटलं, ही उस्तादांची नवी करामत. एकदोन जणांना मी कौतुकानं सांगितलंही. गाडी तपासताना हात वर करून शांतता मागणंही त्यांनी सोडलं. मला वाटलं, सराव एवढा झालाय की आता गोंगाटातही त्यांना ऐकू येतं. आणि शेवटच्या बाकाचा तो विनोदही बंद झाला. मला वाटलं, माझ्या आवाजाची त्यांना सवय झाली. वर्गात कोणतं पोर फळा दिसत नसून दिसल्यासारखं करतंय, हे ओळखण्याचा मला अभिमान होता. तो किती फुकटचा होता, ते नंतर कळलं.

माझी गाडी थकली तेव्हा काकडे नावाच्या तरुणाची मोटारसायकल बघण्यात आली. सिल्लोडकडचा मुलगा, वाळूजला एका कंपनीत नोकरीला. बोलायला सरळ. आम्ही दोघं उस्तादांकडे गेलो. उस्तादांनी मूठ दातांत धरली, डोळे मिटले, जरा जास्तच वेळ बसून राहिले. मग डोळे उघडून काकडेच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "साफ है." त्यानंतरच त्यांनी चहा मागवला.

खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी गाडीतून खालच्या बाजूनं एक टकटक मला ऐकू आली होती. पण उस्तादांनी साफ म्हटलेल्या गाडीवर संशय घेणारा मी कोण? मला आपलाच कान खोटा वाटला. सहा आठवडे मी त्या आवाजासकट घाट चढलो. एका सकाळी अर्ध्या घाटात इंजिन जाम झालं आणि मागचं चाक धरलं गेलं. कठड्याच्या अलीकडे कसाबसा थांबलो. एका टेम्पोत गाडी घालून खुलताबादला नेली. तिथल्या मेकॅनिकनं इंजिन खोललं, क्रँकचं बेअरिंग दाखवलं आणि म्हणाला की हे काही एकदोन महिन्यांचं दुखणं नाही, आवाज तर केव्हापासूनचा असणार. मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुमाला ऐकू येत नव्हता का?"

त्या रविवारी सकाळी मी काकडेला उस्तादांच्या दुकानी बोलावलं. घाटातली भीती अजून अंगात होती आणि तिचा राग झाला होता. माहीत असून गाडी माझ्या गळ्यात मारली, मेलो असतो तर कोण जबाबदार, असं मी त्याला चारचौघांत सुनावलं. तो आधी गोंधळला, मग लालबुंद झाला. म्हणाला, "सर, मी कुठं काय लपवलं? तुमी उस्तादांना दाखवली, त्यांनी साफ म्हणलं. मग मी चोर कसा?"

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. उस्ताद समोर एका स्कूटरचं चाक काढत बसले होते, आमच्याकडे बघत होते, मध्ये काही बोलत नव्हते. त्या गप्प बसण्याचाच मला संताप आला. मी त्यांच्याकडे वळलो आणि अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, "मग उस्ताद, तुम्हीच सांगा. आवाज तेव्हाही होता. तुम्ही याचा चहा आधीच घेतला होता का?"

पेटीवाल्याची हातोडी थांबली. कुणी हात वर केला नव्हता. चक्कीवालाही दारात येऊन उभा राहिला. या प्रश्नाचा अर्थ त्या बोळात सगळ्यांना कळत होता.

उस्तादांना तो ऐकू गेला होता. त्यांनी फडक्याला हात पुसले, उठले, आतून पेचकस आणला आणि माझ्या हातात दिला. लाकडी मुठीवर दातांचे खोल व्रण होते.

"चाय नाय पिली, मास्तर," ते म्हणाले. "कान गेला माझा. दोन-तीन साल झाले. मग दातानं ऐकत होतो, हाडातून येतो ना आवाज. आता दातालाबी कळत नाय. तुमच्या गाडीच्या दिवशी मला कायबी ऐकू आलं नाय. ह्या पोराचं तोंड पाहिलं. तोंड साफ होतं, म्हणून साफ म्हणलो."

ते पुढं सगळ्या बोळाकडे बघून म्हणाले, "मला बहिरा म्हणा. चाय पिणारा नका म्हणू."

मला तिथंच धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं. काकडे खाली मान घालून पुटपुटला की तो रोज कानात गाणी लावून गाडी चालवायचा, त्यानं आपल्या गाडीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. म्हणजे उस्तादांनी त्याच्या तोंडावरून काढलेला निकाल खरा होता. पोरगा साफच होता, खडा फक्त इंजिनात होता.

गाडी उस्तादांनी स्वतः दुरुस्त केली. मी नको म्हणत होतो, त्यांनी मला बोलूच दिलं नाही. काकडेनं सामान आणून दिलं. त्यांच्या हातांना काही झालेलं नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी गाडी चालू केली, बाजूला सरले आणि मला विचारलं, "कसाय आवाज?" मी म्हणालो, "साफ है." त्या दुकानात तो निकाल उस्तादांशिवाय कुणी दिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि हत्यारं आवरायला घेतली.

त्यानंतर गाडी तपासून घ्यायला कुणी येईना. त्यात लोकांचा तरी काय दोष? पंक्चर, ब्रेक, चेन, एवढी कामं राहिली, मग तीही कमी झाली. उस्ताद दुकानासमोर स्टूल टाकून बसू लागले. पेचकस मात्र रोज पुसून खुंटीला लावलेला असायचा. मी जात राहिलो. पहिल्यापेक्षा जास्तच जाऊ लागलो. पण त्या रविवारचा विषय मी काढत नव्हतो आणि तेही काढत नव्हते.

पाचेक महिन्यांनी एका दुपारी मनाचा हिय्या केला. चक्की चालू होती, हातोडी चालू होती, शेजारी तीन-चार माणसं चहा पीत उभी होती. मी त्यांच्या स्टुलाजवळ वाकलो आणि हळूच म्हणालो, "उस्ताद, त्या दिवशी चहाचं बोललो ते फार चुकलं माझं. मला माफ करा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग हसून म्हणाले, "हां हां, ऑइल बदलून टाका मास्तर. टाइम झाला असंल."

मी फक्त आवाज चढवायला हवा होता. नाहीतर त्यांच्यासारखा हात वर करायला हवा होता, हातोडी थांबली असती. पण चहावाली माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "हो, बदलतो." आणि निघालो. पुन्हा कधीतरी निवांत बोलू, असं मनाशी म्हणालो.

तो निवांतपणा आला नाही. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला, शमीम त्यांना सिल्लोडला घेऊन गेली आणि आठवड्यातच त्यांच्या जाण्याचा फोन आला. मी त्याच गाडीवरून सिल्लोडला गेलो. पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. शमीमनं मला बसवलं, पाणी दिलं. मी काहीतरी सांत्वनाचं बोलू लागलो, तशी माझा आवाज ऐकून तिनं चमकून वर पाहिलं.

"अब्बा म्हणायचे ते खरंय," ती म्हणाली. "बाजारात कुणाचंच ऐकू येत नाय, म्हणायचे. मास्तर आले की बरं वाटतं. त्यांचं तेवढं समदं ऐकू येतं."

मी पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून बसलो. समदं त्यांना ऐकू येत होतं. गाड्यांच्या गप्पा, शाळेतली गाऱ्हाणी, आणि भर बोळात विचारलेला तो चहाचा प्रश्नसुद्धा. एवढ्या सगळ्यातलं एकच वाक्य मी समोर बसलेल्या माणसालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोललो होतो.