मागचं कोर्ट

"मॅडम, तुम्ही खेळता कशा?" दुकानदाराने काउंटरवर दोन रॅकेट ठेवत विचारलं. "मागून जोरात मारत असाल तर ही घ्या, डोक्याकडे जड आहे. जाळीपाशी खेळत असाल तर ही हलकी बरी."

मी ऑफिसातून थेट आले होते. पाय भरून आले होते.

मी कशी खेळते? इतकी वर्षं सोसायटीच्या कोर्टावर मी आणि सुलभा जोडीने खेळलो. शटल डोक्यावरून जायला लागलं की मागून तिची हाक यायची, "सोड, माझं!" मी खाली वाकायचे, ती मारायची. सगळे म्हणायचे, हिचा हात जाळीपाशी काय नाजूक चालतो! नाजूक कसला, मागे धावायची वेळच कधी आली नव्हती. गेल्या दिवाळीनंतर सुलभा कायमची लेकीकडे राहायला गेली, तेव्हा कळलं. माणसाचा स्वभाव म्हणतात तोही बहुधा असाच असावा. मागे कोण उभं आहे, त्यावर ठरलेला.

"फिरवून तर बघा," दुकानदार म्हणाला.

मी हलकी रॅकेट उचलली, हात वर नेला आणि सवयीने मध्येच खाली वाकले. मागून हाक आली नाही.

"ती जडच द्या," मी म्हटलं. खांदा आत्ताच दुखायला लागला होता.